महिन्याला किती लागतात

नागनाथ, तू फोनवर एवढंच विचारलंस,
महिन्याला किती लागतात तिकडं?
मी म्हणालो, बघून सांगतो.
त्याला आज अकरा दिवस झाले.

वही समोर आहे. मडगावच्या बाजारात
पस्तीस रुपयांना घेतली, तिच्यापासूनच हिशेब सुरू.
खोलीला साडेसात हजार. नावेलीत,
घराच्या मागल्या अंगाला, माडाखाली.
पत्र्यावर झावळी पडली की
पहिले काही दिवस उठून बसायचो,
आता कूस बदलतो.
डिपॉझिट तीन महिन्यांचं. ते दाजींचं.
ते वहीत नाही, मानेवर आहे.

वेर्ण्याच्या कंपनीपर्यंत बस वीस, येताना वीस.
कंडक्टर म्हणतो, फुडें वच, फुडें वच,
पुढं जागा असो-नसो.
पाव पाचाला एक. पहाटे इनास सायकलवर
भोंपू वाजवत येतो, आपल्याकडं भंगारवाला वाजवतो तसा.
पहिल्या दिवशी मी रद्दी घेऊन बाहेर आलो होतो.

ज्वारीचं विचारू नकोस.
औशात पोत्याला टेकून आपण झोपायचो,
ती इथं काचेच्या दुकानात
अर्ध्या किलोच्या पाकिटात, वर आसन घातलेली बाई,
एकशे दहा रुपये.
हातात धरलं, उलटंपालटं केलं, ठेवून दिलं.
आई रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पीठ पाठवते.
ड्रायव्हर ऐंशी घेतो,
आणि पिशवीसाठी पहाटे पाचला
स्टँडच्या कोपऱ्यावर उभं राहायचं.
त्या झोपेचा भाव
कुठल्या रकान्यात लिहायचा, सांग.

माशाचे दोन भाव असतात,
पाटीवर एकही लिहिलेला नसतो.
मी ‘कितने का’ म्हणालो तेव्हा
रोजालीननं दोनशेला चार बांगडे दिले.
चौथ्या महिन्यात म्हणालो, ‘कितलें गो?’
तिनं मान वर केली.
‘घाटी शिकलो मरे,’ म्हणाली, आणि सहा घातले.
म्हणजे एका शब्दाचे दोन बांगडे.
घाटी हा शब्द मात्र फुकट मिळतो.
तोही लागतो, पण तुझ्या प्रश्नातलं लागणं ते नव्हे.

नाताळात घरमालकीण, क्लेमेंतीनबाय,
दोदोल आणि नेवऱ्या देऊन गेली, स्टीलच्या डब्यात.
डबा रिकामा परत करत नाहीत.
पण तारीख अठ्ठावीस,
खोलीत मीठ, तीन कांदे, एक बंद घड्याळ.
शेवटी आईची शेंगदाण्याची चटणी,
बरणीचा तळ खरवडून, होती तेवढी घातली.
तो आठवडा भात कोरडा गेला.

जानेवारीत तिनं भाडं पाचशेनं वाढवलं.
रागावू नकोस. तिचा थोरला लिस्बनला,
एका खोलीत चौघं, न्हाणीघर एक.
तिथलं भाडं ती मला युरोत सांगते,
मी मनात गुणाकार करतो
आणि आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसतो.
तो उकडे तांदूळ मागतो म्हणे.
पाठवायचा खर्च तांदळाच्या सातपट.
तरी तिनं पाठवले.
मी पार्सलवर सेलोटेप लावून दिला,
पत्ता मात्र तिनंच लिहिला, हात कापत, मोठ्या अक्षरात.

डबा पुन्हा आलाय. रिकामा.
‘ती तांबडी आसली न्ही, दाण्यांची, ती.’

तर धर सोळा, साडेसोळा हजार.
घरी पाठवतो ते वेगळं, ते तुला माहीतच आहे.
हातात एकोणीस येतात.
यायचं ठरलं तर तवा घेऊन ये,
जाड, लोखंडी; इथला पातळ असतो, भाकरी करपते.
आणि चटणी दोन किलो.
एक किलो त्या डब्याची.